दोन कॅसेटी, एकच चिठ्ठी

११ जानेवारी २००९

यंत्र जोडले. एका तोंडात कॅसेट जाते, दुसऱ्यात डिस्क, आणि बटण दाबले की इकडचे तिकडे भरले जाते. मुलीने बिश्केकहून पाठवले. सोबत फोनवर उपदेश: "आई, नुसती बसून राहू नकोस. नाहीतर घर विक आणि इकडे ये." नुसते बसणे मला जमत नाही आणि घर मी विकणार नाही, म्हणून यंत्र ठेवून घेतले. एकतीस वर्षे या गावाला पदार्थविज्ञान शिकवले आहे. माहितीपुस्तिका चिनी भाषेत आहे. तिची गरज पडली नाही.

काम भरपूर मिळेल. गावातली निम्मी मुले रशियात. ती तिकडून लग्नाच्या, बाळाच्या डिस्क पाठवतात आणि म्हाताऱ्यांच्या घरी अजून कॅसेटचीच यंत्रे आहेत. ज्यांच्याकडे डिस्कचे यंत्र आले त्यांना जुन्या कॅसेटी डिस्कवर हव्या आहेत. कोरी कॅसेट आता कोच्कोरच्या बाजारातही मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "बाई, त्यापेक्षा डायनासोर मागा." तेव्हा ज्याला डिस्कवरचे भरून हवे त्याने घरातली जुनी, नकोशी कॅसेट आणायची आणि मी तिच्यावर भरून द्यायचे.

दारावर कागद लावला. वीज असेल तेवढाच वेळ काम. कॅसेट घरून आणणे. चहा मिळणार नाही.

१९ जानेवारी

चहाचा नियम मोडला. उणे पंचवीसमध्ये चालत आलेल्या म्हातारीला नुसते बसवून ठेवणे बरे दिसत नाही.

वीज दिवसाला तीन तास येते, कधी सकाळी, कधी दुपारी. थंडीतून आलेली कॅसेट लगेच यंत्रात घालायची नाही, आत दव धरते आणि फीत चिकटते. तासभर चुलीशेजारच्या फळीवर ठेवायची. हे मी एका कॅसेटीचा बळी देऊन शिकले. सुदैवाने ती माझीच होती.

लोकांच्या मेजवान्या पाहून जीव विटला. तीन तासांच्या कॅसेटीत पाहण्यासारखा अर्धा तास. बाकी वेळ कॅमेरावाला मेजांवरून कॅमेरा फिरवतो. माणसे चावत असतात, कॅमेरा समोर आला की चावायची थांबतात, पुढे गेला की पुन्हा चावतात. कॅसेट घेऊन आलेल्या बात्मा आजींना म्हटले, हे पाहते कोण? त्या म्हणाल्या, "आम्ही तेच तर पाहतो बाई. कोण आलं होतं ते कळतं." मला काही पटले नाही.

२ फेब्रुवारी

आयजारकिन आली. काल्यीचाची धाकटी सून. नारीनच्या पलीकडची, त्यामुळे माझ्या हाताखाली शिकलेली नाही, आणि ते दिसते. दारातच घुटमळत उभी.

"बाई, याची डिस्क करून द्याल? वर्षाच्या जेवणाआधी हवी होती."

"जेवण कधी?"

"अठ्ठावीस मार्चला."

"दोन महिने आहेत. आत ये आणि दार लाव, ऊब जाते आहे."

तिचे प्रकरण गावाला माहीत आहे, तरी तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकले. सासरा जुमागाझी गेल्या मार्चमध्ये गेला. तिचा नवरा तालाय सात वर्षे येकातेरिनबुर्गमध्ये आहे आणि तिथे त्याने दुसरे घर मांडले आहे. आपल्याकडे वडिलांचे घर धाकट्याचे. धाकटा येत नाही, तेव्हा थोरला सोवेतबेक म्हणतो की घर त्याच्या मुलाला द्यावे, त्याचे नुकतेच लग्न झाले आहे, आणि आयजारकिनने दोन मुलींना घेऊन माहेरी जावे. वर्षाच्या जेवणाला नातलग जमतील, त्या दिवशी ठरवायचे. माहेर म्हणजे भावाच्या दोन खोल्या आणि त्यात आधीच सात माणसे.

"मग ही कॅसेट कशाला?"

"थोरल्यांच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, सत्तरीची मेजवानी आहे. जेवणाआधी त्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला. सगळ्यांसमोर म्हणाले, घर या सुनेचं म्हणून. आता मोठे भाऊजी म्हणतात, असं काही कोणी बोललंच नाही."

"आणि डिस्कच का?"

"आमच्याकडचं कॅसेटचं यंत्र बिघडलं. डिस्कचं मोठ्या भाऊजींनीच आणलंय."

"म्हणजे त्यांच्याच यंत्रावर त्यांनाच दाखवणार."

"हो."

डोके आहे म्हणायचे. कॅसेटीवर तिच्या हातची चिठ्ठी: 'थोरल्यांची मेजवानी'.

४ फेब्रुवारी

बात्मा आजींची सून गुलझात आली. मॉस्कोहून पणतूच्या पाळण्याची डिस्क आली आहे, ती कॅसेटवर भरून हवी. वरून भरायला जुनी कॅसेट आणली. तिच्यावरही चिठ्ठी: 'थोरल्यांची मेजवानी'.

"हे थोरले कोण?"

"आमचे... सासरे."

"नाव?"

ती लाल झाली आणि छताकडे पाहू लागली. "घोड्यांचे डॉक्टर होते ते."

"कोण ते मला माहीत आहे. शेराली. नाव लिहायला काय जीभ झडते? लिहायला तर जीभ लागतही नाही."

"बाई, हातसुद्धा धजत नाही."

तिला चांगले सुनावले. गावातल्या सगळ्या सुना असेच लिहितात. अर्ध्या गावाच्या कपाटात 'थोरल्यांची मेजवानी' आहे. विसाव्या शतकात शाळा शिकलेल्या बायका सासऱ्याचे, दिराचे नाव घेत नाहीत म्हणजे काय? आमच्या ह्यांनी कॉलेजात असतानाच मला सांगितले होते की असले काही पाळायचे नाही, आणि मी कधी पाळलेले नाही.

शेरालीच्या मेजवानीच्या त्यांच्याकडे दोन प्रती आहेत, एक पुसली तरी चालेल.

६ फेब्रुवारी

वीज दोनला आली. दोन्ही कॅसेटी सकाळपासून फळीवर तापत होत्या. एरवी मी पहिली पाच मिनिटे पाहून मग भरते, पण वीज पाचला जाणार आणि कामे चार, तेव्हा पाहत बसले नाही. कॅसेटीच्या कडेची प्लास्टिकची जिभली मोडलेली असली की वरून भरता येत नाही. कॅमेरावाले ती मोडूनच देतात, म्हणजे कोणी चुकून पुसू नये. मी तिथे चिकटपट्टी लावते आणि भरते. दिवसातून दोनदा लावते.

पाळणा पंचावन्न मिनिटांचा. बाळ धडधाकट आहे. गुलझात संध्याकाळी कॅसेट घेऊन गेली.

११ फेब्रुवारी

गावात माझ्याविषयी आदर वाढला आहे असे दिसते. बात्मा आजींकडून टोपलीभर बोरसोक आले, कणकेचे तळलेले गोळे, गरम, आणि निरोप: "बाईंना सांग, जिवाला लावून घेऊ नका." काय लावून घ्यायचे ते विचारायला गेले तर पोरगी पळाली. थंडीविषयी म्हणत असतील. मेलिसने न सांगता कोळशाची दोन पोती मागच्या अंगणात आणून टाकली. शाळेत असताना हा मेलिस एक डस्टर उचलायला तीनदा सांगावे लागे असा होता. दुकानात शिरले तेव्हा बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या आणि सगळ्यांनी मला रांगेत पुढे केले. निवृत्त झाल्यावर लोक विसरतात म्हणतात, तसे काही नाही.

१४ फेब्रुवारी

आयजारकिनची डिस्क करायला घेतली. कॅसेट लावली. पडद्यावर शेराली. घोड्याच्या मानेवर हात ठेवून हसतो आहे.

कॅसेट थांबवली, काढली, चिठ्ठी वाचली. पुन्हा लावली. पुन्हा शेराली.

म्हणजे सहा तारखेला मी बाळ भरले ते जुमागाझीवर.

आज आणखी काम केले नाही.

१५ फेब्रुवारी

बात्मा आजींकडे गेले. भरलेले नीट दिसते का पाहायचे आहे म्हटले. आजींची धांदल उडाली. "यंत्र बिघडलंय बाई." यंत्राचा लाल दिवा लागलेला होता. "मग दिवा कसला?" "तो नुसता लागतो." मी स्वतः बटण दाबले.

पाळणा पंचावन्न मिनिटे. मग एक पांढरी उडी, आणि जुमागाझीची मेजवानी, अर्ध्यातून. मेजे. मांसाची ताटे आली आहेत, माणसे चावत आहेत. आशीर्वाद मांस यायच्या आधी देतात. तो बाळाच्या खाली गेला आहे. पुसलेले परत येत नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको, चुंबकत्वाचा धडा मीच शिकवत असे.

कॅसेटीत उरलेला सव्वा तास फक्त मेजे आहेत.

आजींनी चहा दिला. कॅसेट काही दिवसांसाठी मागून आणली.

१८ फेब्रुवारी

सांगितले नाही. भीती वाटते. मला भीती वाटते हे लिहून ठेवते.

इतर काही मार्ग आहे का पाहिले. कॅमेरावाला तोक्मोकला राहायला गेला, त्याच्याकडे जुने काही शिल्लक नाही. तालायकडे एक प्रत पाठवली होती असे ऐकले, फोन लावला. एका बाईने उचलला आणि म्हणाली, असले काही इथे नाही. मागे लहान मूल रडत होते.

२० फेब्रुवारी

आयजारकिन दारावरून जाताना थांबली. "बाई, त्या डिस्कची घाई नाही."

"घाई नाही कशी? महिना राहिला."

"नाही झाली तरी चालेल. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

हिला परिस्थितीचे गांभीर्यच कळत नाही. घर जाते आहे आणि ही म्हणते चालेल. मी तिच्यावर ओरडले. मग ती गेल्यावर ओरडायला मीच कोण, असे वाटले.

२४ फेब्रुवारी

सांगितले. तिच्या गोठ्यात गेले, ती शेण काढत होती. एका दमात सांगितले, फळी, चिठ्ठी, चिकटपट्टी, सगळे.

ती फावडे टेकवून म्हणाली, "माहीत आहे बाई."

"काय माहीत आहे?"

"बात्मा आजींनी दुसऱ्याच दिवशी वीज आल्यावर बोलावलं होतं. बाळ बघायला सगळी गल्ली जमली होती. बाळ संपलं आणि एकदम आमचे लोक जेवायला बसले."

"सगळ्या गल्लीला माहीत आहे?"

"मेलिसच्या लहानग्यापर्यंत."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"कोण सांगणार, बाई? तुम्ही कधी चुकत नाही. आजी म्हणाल्या, त्यांना ऐकून काही होईल. कळेल तेव्हा कळेल."

अडीच आठवडे. माझ्यावर कोळसा आणि बोरसोक यांचा मारा होत होता तो यासाठी. मला इतका राग आला की मी तिच्या हातातले फावडे घेऊन उरलेले शेण काढले. ती म्हणाली, "असू दे बाई, जाते मी माहेरी. मुलींना शाळा तिथेही आहे." मी म्हटले, तिथली शाळा मला माहीत आहे, तिथे तीन वर्षे पदार्थविज्ञानाला शिक्षक नाही.

१ मार्च

आशीर्वाद पुसला गेला, पण ऐकणारे आहेत. मेजे पाहायला बसले. कागद घेतला. कॅमेरा जसा फिरतो तसे प्रत्येक तोंड थांबवून नाव लिहिले. बात्मा आजी मदतीला आल्या. मला फक्त माझे विद्यार्थी ओळखू येत होते, त्या पाठमोऱ्या टोप्यासुद्धा ओळखतात. "हा सोवेतबेक, पहिल्या मेजावर. हा कुबात, बघा बरगडी कशी धरलीय. हा ओमुर." एकंदर एकेचाळीस. सहा वारले. चौदा रशियात. दोघे बोलत नाहीत, म्हणजे कोणाशीच. एकोणीस उरतात.

मी नावे लिहीत होते तेव्हा आजी म्हणाल्या, "आता कळलं आम्ही हे का पाहतो?" मी पुढचे नाव विचारले.

९ मार्च

घरोघर फिरते आहे. सगळ्यांनी ऐकले होते. सगळे म्हणतात, जुमागाझी बोलला खरा. मग विचारते, जेवणाच्या दिवशी उठून सांगशील का? की लगेच चहा थंड होतो. गावात एकच ट्रॅक्टर आहे आणि तो सोवेतबेकचा. एप्रिलमध्ये सगळ्यांचीच जमीन नांगरायची आहे.

ओमुर म्हणाला, "बाई, मी सांगेन हो. पण आधी दुसऱ्या कोणी तरी सांगू दे."

"आतापर्यंत सगळ्यांनी मला हेच सांगितलं."

"मग तुम्हीच बघा, सगळ्यांचं एकमत आहे."

काल्यीचाकडेही गेले होते. काळ्या रुमालात चुलीशी बसून होती. मी विषय काढला. ती म्हणाली, "पाव खा." दुसऱ्यांदा काढला. "लोणी पण घे." सासू इतकी निर्विकार असेल तर सुनेचे काय होणार? बाहेर आले तेव्हा आयजारकिनची थोरली मुलगी खिडकीशी बसून गणिते सोडवत होती. अपूर्णांकात चुकली होती. बरोबर करून दिली.

२८ मार्च

आज जेवण झाले. जसे घडले तसे लिहिते.

सकाळी बायकांनी काल्यीचाचा काळा रुमाल सोडला आणि पांढरा बांधला. वर्ष संपले. ती एकदम दहा वर्षांनी लहान दिसू लागली. मौलवींनी पठण केले. मग मांस शिजायचे होते तोवर पुरुष मोठ्या खोलीत चहाला बसले आणि सोवेतबेकने विषय काढला. मी कॅसेटचे यंत्र आणि दूरचित्रवाणी संच घेऊन गेले होते, मेजे तरी दाखवावीत म्हणून. पण वीज सकाळीच गेली होती. मी कागद घेऊन खोलीत शिरले.

सोवेतबेक म्हणाला, "बाई, ही शाळा नाही."

"माहीत आहे. शाळा असती तर तुला उभं केलं असतं."

काही जण खाली मान घालून हसले. मी सगळ्यांसमोर सांगितले की जुमागाझीचा आशीर्वाद कॅसेटवर होता आणि तो माझ्या हातून पुसला गेला. चूक माझी, आयजारकिनची नाही. "पण तुमच्यापैकी जे तिथे होते त्यांची ही यादी. हजेरी घेते. कुबात!"

कुबात हातात वाटी घेऊन उभा राहिला. "हजर," म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचे कान लाल झाले. खोली हसली.

"काय ऐकलंस त्या दिवशी?"

"खरं सांगू बाई? मला बरगडीच आठवते."

"बस खाली. मेलिस!"

मेलिसने सोवेतबेककडे पाहिले, मग माझ्याकडे. उभा राहिला. "थोरले काका म्हणाले, ही सून नाही, मुलगी आहे."

"ओमुर!"

"म्हणाले, ही आहे तोवर घराला कुलूप लागणार नाही."

तिसरा उठला तो म्हणाला, "तालाय परत आला तर घर दोघांचं, असं म्हणाले." चौथा म्हणाला, घराचे नव्हे, गायींचे बोलले.

सोवेतबेक वाटी खाली ठेवून म्हणाला, "चार माणसं, चार वाक्यं. यांना किती गुण द्याल, बाई?"

मी शून्य दिले असते. हे तिथे बोलले नाही, इथे लिहिते. कागद हातात, चौदा नावे शिल्लक, आणि प्रत्येक जण मला नवीनच वाक्य सांगणार हे दिसत होते. आयजारकिन चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "त्या कागदावर माझं नाव आहे का?"

काल्यीचा. हातात झारा.

"नाही," मी म्हटले.

"का नाही?"

"कॅसेटवर तुम्ही कुठेच नाही."

"कशी असेन? मी कढईशी होते. धुरात कॅमेरा घेऊन कोण येतंय." ती आत आली. "मेजवानीच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, तालाय काही येत नाही, पोरीचं कसं होणार. मी म्हटलं, मला सांगून काय होतंय, उद्या चार लोकांत सांगा. त्यांना म्हणे शब्द जुळेनात. तेव्हा मी जुळवून दिले. तीनदा म्हणवून घेतले त्यांच्याकडून, पीठ मळता मळता. तुम्ही त्यांचं ऐकलंत, ते बोलणं माझं होतं. सांगू?"

कोणी नको म्हणाले नाही.

"‘आयजारकिन माझी मुलगी. तालाय आला तर पाहुणा म्हणून येईल. घर तिचं, चूल तिची, आणि काल्यीचाचं म्हातारपण तिच्या हाती.’ एवढंच. गायींचं नव्हतं काही." मग ती सोवेतबेककडे वळली. "आणि तू पहिल्या मेजावर होतास. मी खिडकीतून बघत होते. आमीन म्हणून तोंडावरून हात सगळ्यांत आधी तू फिरवलेस."

सोवेतबेक म्हणाला, "आई, मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"काळा रुमाल डोक्यावर असताना घरातल्या पुरुषाशी भांडत नाहीत. वर्ष भरू दे म्हटलं." तिने पांढरा रुमाल कानामागे नीट खोचला. "भरलं."

मग सोवेतबेक म्हणाला, "मांस उतरवा. जास्त शिजेल."

आयजारकिनने पुन्हा सगळ्यांच्या वाट्यांत अर्धा अर्धा चहा ओतला. सोवेतबेकलाही अर्धाच. मी असते तर काठोकाठ भरून दिला असता; आमच्याकडे अर्धी वाटी म्हणजे बसा आणि भरलेली म्हणजे आता निघा, तेव्हा तो उठून गेला असता.

२९ मार्च

काल हजेरी घेतल्यामुळे वातावरण तयार झाले, नाहीतर काल्यीचा बोलली नसती, असे मला वाटते. बात्मा आजींना तसे म्हटले. त्या म्हणाल्या, "हो हो बाई," आणि मला आणखी एक बोरसोक दिला.

यापुढे कोणतीही कॅसेट मालकाला शेजारी बसवून, शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पुसायची नाही. वेळ दुप्पट जाईल. जाऊ दे.

१७ एप्रिल

सोवेतबेकचा ट्रॅक्टर आयजारकिनच्या वाडीत आला नाही. मेलिस आणि ओमुर घोडे घेऊन गेले. ओमुर म्हणाला, "दुसरं कोणी जातंय का बघितलं, बाई. मेलिस जात होता."

१२ मे

मुलीचा फोन. घर कधी विकतेस? म्हटले, कामे पडली आहेत, आत्ता नाही.

दुपारी आयजारकिनच्या घरावरून गेले. मायलेकी बटाटे लावत होत्या, काल्यीचा ओट्यावर बसून हुकूम सोडत होती. अकरा ओळी झाल्या होत्या, त्यांतल्या चार वाकड्या. मी सांगितले तसे. आयजारकिन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "राहू द्या बाई. सप्टेंबरमध्ये मलाच काढायचे आहेत."